एक संविधान, अनेक नय

१० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाने देशभरातील जैन समाज हादरून गेला. २००६ साली दाखल झालेल्या जनहित याचिकेवर निर्णय देताना खंडपीठाने असे मत नोंदविले की, संथारा अथवा सल्लेखना हे जैन धर्माचे अत्यावश्यक अंग असल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणून धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण त्याला लाभत नाही. व्रत घेणाऱ्याकडे आत्महत्येचा प्रयत्न करणारा आणि त्याची सेवाशुश्रूषा करणाऱ्यांकडे आत्महत्येस प्रवृत्त करणारे म्हणून पाहावे, असा त्या निकालाचा व्यवहारातील अर्थ होता. २४ ऑगस्टला गावोगावी मूक मोर्चे निघाले. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

त्या तीन आठवड्यांत अनेक घरांतून एकच प्रश्न विचारला गेला. संविधानात धर्मस्वातंत्र्य स्वच्छ शब्दांत लिहिलेले असताना न्यायालय असे कसे म्हणू शकते? या प्रश्नाचे उत्तर संविधानात काय लिहिले आहे यात जितके आहे, तितकेच ते कसे वाचले जाते यातही आहे. आणि वाचनाच्या पद्धती अनेक आहेत.

धनादेशावर अक्षरी रक्कम एक आणि अंकी रक्कम दुसरी असेल, तर अक्षरी रक्कम खरी मानावी, असे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ मध्येच सांगून ठेवले आहे. बँकेच्या खिडकीवर बसलेल्याला वाद घालण्याचे कारण उरत नाही. संविधानात असे कलम नाही. शब्द, इतिहास, उद्देश आणि समग्र रचना यांत मेळ बसेना, तर कोणाला प्राधान्य द्यायचे हे संविधान स्वतः सांगत नाही. ते न्यायाधीशांना ठरवावे लागते, आणि म्हणूनच एकाच वाक्यातून दोन विद्वान न्यायमूर्ती दोन भिन्न निष्कर्षांना पोहोचू शकतात.

पहिली पद्धत शब्दाला प्रमाण मानणारी. लोकप्रतिनिधींनी जे लिहिले तेवढेच वाचावे, आपल्या मनातले त्यात घालू नये, ही तिची शिस्त. संविधान अमलात येऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच तिची पहिली मोठी परीक्षा झाली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांना प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली डांबून ठेवण्यात आले होते. अनुच्छेद २१ सांगतो की, कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीवाचून कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. ही कार्यपद्धती न्याय्य असली पाहिजे, असा गोपालन यांचा युक्तिवाद होता. १९ मे १९५० च्या निकालात बहुमताने तो नाकारला. ‘न्याय्य’ हा शब्द अनुच्छेदात नाही. विधिमंडळाने कायदा केला, त्यात कार्यपद्धती घालून दिली आणि तिचे पालन झाले, म्हणजे पुरे. न्यायमूर्ती फजल अली यांनी मात्र वेगळा निकाल लिहिला.

या निकालाला दुसऱ्या पद्धतीचाही आधार होता. ती म्हणजे संविधानकर्त्यांचा मूळ हेतू शोधण्याची पद्धत. संविधान सभेत आरंभी अमेरिकेच्या धर्तीवरील शब्दयोजना विचाराधीन होती. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांनी अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांची भेट घेतली होती आणि तशी शब्दयोजना न्यायाधीशांच्या हाती फार मोठा अधिकार देते, हे मत त्यांच्या मनावर ठसले होते. अखेरीस ती शब्दयोजना बदलण्यात आली. डिसेंबर १९४८ मध्ये सभेत यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही बाजू प्रांजळपणे मांडून निर्णय सभागृहावर सोपविला होता. जे शब्द जाणीवपूर्वक गाळले, ते न्यायालयाने मागच्या दाराने आणू नयेत, हा मूळ हेतूचा युक्तिवाद. तो दुबळा नाही. मात्र ज्या सभेत शेकडो सदस्य होते, तिचा हेतू एकच होता असे म्हणणे नेहमीच सोपे नसते.

गोपालन प्रकरणातील दृष्टीत आणखी एक गृहीतक होते. प्रत्येक मूलभूत हक्क हा स्वतंत्र खोलीसारखा. एका खोलीतला दिवा दुसरीत नेता येत नाही. हे गृहीतक कोसळले ते बँकांच्या खटल्यात. १९ जुलै १९६९ रोजी केंद्र सरकारने पन्नास कोटींहून अधिक ठेवी असलेल्या चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. सेंट्रल बँकेचे संचालक आणि अनेक बँकांचे भागधारक रुस्तम कावसजी कूपर यांनी त्याला आव्हान दिले. १० फेब्रुवारी १९७० रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने दहा विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द ठरविला. चारच दिवसांत सरकारने नवा अध्यादेश काढला आणि राष्ट्रीयीकरण टिकले. म्हणून बहुतेकांच्या स्मरणात बँका राहिल्या, निकाल विसरला गेला. परंतु त्या निकालाने ठरवून दिलेली एक गोष्ट दूरगामी ठरली. कायद्याचा हेतू किंवा विषय काय एवढेच न पाहता, त्याचा नागरिकाच्या हक्कावर प्रत्यक्ष परिणाम काय होतो हे पाहिले पाहिजे, आणि मूलभूत हक्क एकमेकांपासून तोडून वाचता येणार नाहीत.

या पायावर पुढे २५ जानेवारी १९७८ रोजी मनेका गांधी खटल्याचा निकाल उभा राहिला. पारपत्र जप्त केले, पण कारण सांगितले नाही, अशी ती तक्रार होती. न्यायालयाने म्हटले की, अनुच्छेद १४, १९ आणि २१ एकत्र वाचावे लागतील. आणि मग कार्यपद्धती मनमानी असून चालणार नाही, ती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे. अनुच्छेद २१ चा एकही शब्द १९५० पासून बदललेला नव्हता. बदलली होती ती वाचण्याची रीत. हिला उद्देशप्रधान पद्धत म्हणता येईल. तिच्या पुरस्कर्त्यांच्या मते संविधान हा पिढ्यान्‌पिढ्या चालणारा दस्तऐवज आहे; त्याचे शब्द जुने असले, तरी त्यांना नव्या काळाच्या प्रश्नांना उत्तर देता आले पाहिजे. तिचे टीकाकार विचारतात की, न्यायाधीश आपलीच मते संविधानाच्या नावावर जमा करीत नाहीत, याची हमी काय?

आणखी एक पद्धत शब्दांच्या पलीकडे जाऊन संपूर्ण इमारतीची बांधणी पाहते. अनुच्छेद ३६८ संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार देतो. त्या अधिकाराला मर्यादा आहे काय? १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने न्यायालय म्हणाले की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने, सात विरुद्ध सहा अशा बहुमताने, निराळा मार्ग काढला. संसद कोणताही भाग दुरुस्त करू शकते, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. ‘मूलभूत चौकट’ हे शब्द संविधानात शोधून सापडणार नाहीत. त्या खटल्यात दोन्ही बाजूंना मुंबईचे दिग्गज उभे होते. मठाधिपतींच्या वतीने नानी पालखीवाला आणि केरळ राज्याच्या वतीने एच. एम. सिरवई. दोघेही त्याच संविधानाचे निष्ठावंत अभ्यासक, पण वाचन परस्परविरुद्ध.

जैन वाचकाला हे सारे अगदीच अपरिचित वाटू नये. वस्तू अनंतधर्मात्मक आहे आणि ज्या एका बाजूने ती पाहिली जाते तो नय, हे आपल्या तत्त्वज्ञानाचे मूळ आहे. नैगमापासून एवंभूतापर्यंतच्या सात नयांत शब्दनय आहे, तो शब्दाच्या नेमकेपणाकडे पाहतो. संग्रहनय आहे, तो भेदांपलीकडील समग्रतेकडे पाहतो. संविधानाच्या अन्वयार्थाशी त्यांची तुलना शब्दशः ताणू नये. परंतु आचार्य सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्क’मध्ये मांडलेले सूत्र इथे लागू पडते. प्रत्येक नय आपापल्या क्षेत्रात खरा असतो. दुसऱ्या नयाला खोटा ठरवू लागला, की तो स्वतःच दूषित होतो.

कोणती पद्धत आपल्या सोयीची, हे पाहून तिची निवड करण्याचा मोह सर्वांनाच होतो; समाजही त्याला अपवाद नाही. अनुच्छेद २५ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात ‘हिंदू’ या उल्लेखात शीख, जैन आणि बौद्ध यांचा समावेश केला आहे. ते स्पष्टीकरण फक्त त्या अनुच्छेदातील एका उपखंडापुरते, म्हणजे हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्यापुरते आहे, असे जेव्हा आपण सांगतो, तेव्हा आपण शब्दाला चिकटून राहतो, आणि ते योग्यच आहे. २७ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्य दर्जा मिळाला, तेव्हाही ते स्पष्टीकरण आड आले नाही. परंतु पर्युषणकाळात अहमदाबादेतील महापालिकेचे कत्तलखाने बंद ठेवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा शब्दावर बोट ठेवण्याची पाळी दुसऱ्या पक्षाची होती. व्यवसाय करण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. मार्च २००८ मध्ये न्यायालयाने दोन्ही बाजूंचा मेळ घातला. बंदी नऊच दिवसांची आहे, वर्षभराची नाही. म्हणून ते वाजवी बंधन ठरते. या मेळ घालण्याच्या पद्धतीला सुसंवादी अन्वयार्थ म्हणतात. तिने आपल्याला दिलासा दिला, तो मर्यादेच्या आधारावर. ती मर्यादा विसरून अधिक मागणे हे त्या निकालाचे चुकीचे वाचन होईल.

आता धर्मस्वातंत्र्याकडे वळू. ‘धर्म’ म्हणजे काय, याची व्याख्या संविधानात नाही. या प्रश्नावरील आरंभीच्या महत्त्वाच्या निकालांपैकी एक एका जैन देरासराच्या वहिवाटदारांनी नेलेल्या खटल्यात मिळाला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याला रतिलाल पानाचंद गांधी यांनी आव्हान दिले होते. हाच कायदा आज महाराष्ट्रातील प्रत्येक मंदिराच्या विश्वस्ताला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची पायरी चढायला लावतो. मुंबई उच्च न्यायालयाने धर्माचा अर्थ संकुचित घेतला होता. माणसाला त्याच्या विवेकबुद्धीशी बांधणारी नीतितत्त्वे म्हणजे धर्म. मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ अमान्य केला. धर्म हा केवळ विचार नाही, आचारही आहे. आणि कोणता आचार धर्माचा भाग आहे, हे त्या धर्माच्या स्वतःच्या सिद्धान्तांवरून ठरेल. त्याच निकालात न्यायालयाने नोंदणी, हिशेब आणि तपासणी यांच्या तरतुदी कायम ठेवल्या. हिशेब मागणे म्हणजे धर्मात हस्तक्षेप नव्हे. मात्र धर्मादाय आयुक्तांनाच धार्मिक न्यासाचे विश्वस्त नेमण्याची आणि मूळ उद्देश साध्य होण्याजोगा असतानाही देणगीचा पैसा दुसरीकडे वळविण्याची मुभा नाकारली. श्रद्धा आणि खतावणी यांच्यातील सीमारेषा इतक्या स्वच्छपणे क्वचितच आखली गेली असेल.

पुढे ही कसोटी हळूहळू बदलत गेली. १९६१ च्या अजमेर दर्गा समितीच्या खटल्यात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी इशारा दिला की, अंधश्रद्धेतून उपजलेल्या आणि धर्माला वरून चिकटलेल्या प्रथाही धर्माच्या नावाने पुढे येऊ शकतात; त्यांची छाननी केली पाहिजे. ही सावधगिरी समाजसुधारणेच्या दृष्टीने आवश्यक होती. परंतु तिच्यामुळे प्रश्न पालटला. ‘हा आचार धार्मिक आहे काय?’ याऐवजी ‘हा आचार धर्मासाठी इतका अत्यावश्यक आहे काय, की त्याच्याविना धर्मच उरणार नाही?’ असे विचारले जाऊ लागले. न्यायासनावर बसलेल्या व्यक्तीला धर्मशास्त्रज्ञाची भूमिका घ्यावी लागू लागली.

सल्लेखनेला अडचण झाली ती इथे. हे व्रत ऐच्छिक आहे, सर्वांवर बंधनकारक नाही, हाच तर त्याचा गाभा आहे. जे बंधनकारक नाही ते अत्यावश्यक नाही, अशी कसोटी लावली, की व्रताचा गुण हाच त्याचा दोष ठरतो. याउलट १९५४ च्या कसोटीवर पाहिले, तर धर्माचे स्वतःचे सिद्धान्त काय सांगतात ते विचारावे लागते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांनंतर सल्लेखनेचा उल्लेख येतो. तिथेच तिचे अतिचारही सांगितले आहेत, आणि त्यांत जगण्याची आसक्ती जशी आहे, तशी मरणाची इच्छाही आहे. ज्या व्रतात मरणाची इच्छा धरणे हाच दोष मानला आहे, त्याला आत्महत्येच्या रकान्यात कसे टाकावे? आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त उपसर्ग, दुष्काळ, जराजर्जरता आणि असाध्य रोग अशा निरुपाय अवस्थांचीच अट घातली आहे. आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त आत्मघाताचा आक्षेप स्वतःच उपस्थित करून, रागद्वेषाचा अभाव असल्यामुळे तो लागू होत नाही, असे उत्तर शतकांपूर्वी देऊन ठेवले आहे. १९५५ साली कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी घेतलेली सल्लेखना महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांच्या स्मरणात आहे. १९८२ साली पवनारला विनोबांनी अन्नत्याग केला, तेव्हाही त्याला आत्महत्या म्हणण्यास देशाचे मन धजावले नाही.

अनुच्छेद २१ च्या बाजूनेही मार्ग दिसतो. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. १९९६ साली ज्ञान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो निकाल फिरविला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पण त्याच निकालात असेही म्हटले की, आयुष्य नैसर्गिक अंताकडे झुकलेले असताना सन्मानाने मरण येणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग आहे. ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात घटनापीठाने हा विचार पुढे नेला आणि असाध्य अवस्थेत कृत्रिम उपचार नाकारण्याचे इच्छापत्र आधीच करून ठेवण्यास मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ तसे राहिलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा आहे. आत्महत्येस प्रवृत्त करणे मात्र आजही गंभीर गुन्हा आहे, आणि घरच्यांची काळजी तिथेच आहे.

विरुद्ध बाजूचा नयही प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. वृद्ध, परावलंबी, कदाचित मालमत्तेची मालकी असलेली व्यक्ती. भोवती श्रद्धाळू नातेवाईक, दर्शनाला लोटलेली गर्दी, गौरवाची पत्रके. अशा वेळी तिला मन बदलावेसे वाटले, एक घोट पाणी मागावेसे वाटले, तर ती मागू शकेल काय? हा प्रश्न विचारणारा धर्मद्वेष्टा असतोच असे नाही. अनुच्छेद २५ मधील स्वातंत्र्य सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन आहे, हेही संविधानाचेच शब्द आहेत. आपल्या बाजूचे शब्द मोठ्याने आणि दुसऱ्या बाजूचे पुटपुटत वाचणे, हा दुर्नयच होय.

स्थगितीमुळे व्रत आज निर्वेध आहे. पण स्थगिती म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमला प्रकरणाच्या पुनर्विलोकनाच्या वेळी, अत्यावश्यक धर्माचरण कोणी आणि कसे ठरवावे, हा व्यापक प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या पद्धतीने दिले जाते, यावर सल्लेखनेचे भवितव्यही मोठ्या प्रमाणात अवलंबून राहील. तोपर्यंत समाजाच्या हाती बरेच आहे. व्रत घेणाऱ्याची संमती त्याच्याच शब्दांत, पूर्ण भानावर असताना नोंदवली जावी. वैद्यकीय अवस्थेची लेखी नोंद असावी. आचार्य किंवा साधुसाध्वींची अनुज्ञा शास्त्रातील अटी पडताळूनच मिळावी. माघार घेण्याचा मार्ग शेवटपर्यंत खुला असावा आणि तो घेणाऱ्याला कोणी कमी लेखू नये. जाहिरात, बोली आणि मिरवणूक यांना त्या खोलीत जागा नसावी. शास्त्राने हेच सांगितले आहे. कायद्याच्या भाषेत त्याला पुरावा म्हणतात एवढेच.

अनेकान्त म्हणजे अनिर्णय नव्हे. न्यायाधीशाला सर्व बाजू ऐकून झाल्यावर एका बाजूने सही करावीच लागते, जशी प्रत्येक श्रावकाला सारे नय जाणूनही आज काय करायचे ते ठरवावे लागते. फरक पडतो तो सही करण्यापूर्वी किती बाजू खरोखर ऐकल्या, यामुळे. १९५० साली फजल अलींचा आवाज एकाकी होता. १९७८ साली तो न्यायालयाचा आवाज झाला. म्हणून अल्पमताचे निकाल फाडून टाकले जात नाहीत. ते बहुमताच्या निकालासोबतच, त्याच खंडात छापले जातात.